पूजा केलेल्या बॉलला लाथ कोण मारणार?

कोजो मंगळवारी गेला. त्याच्या खाटेवर गुंडाळलेली गादी आहे आणि खिडकीबाहेरच्या भिंतीवर त्याच्या बॉलचे गोल गोल डाग आहेत, रेक्टरांनी दोनदा चुना मारूनही वर आलेले. आपल्या होस्टेलच्या वार्षिक अंकाचा टाइपरायटर सध्या माझ्याच टेबलावर आहे, टायपिंगच्या क्लासला जाऊन बोटं नुसती शिवशिवतायत, म्हणून म्हटलं सगळं विसरायच्या आत बडवून काढू. चुका होतील. होऊ देत!

कोजोला तुम्ही सगळे ओळखता, पण वार्षिक घरीही जातं म्हणून सांगतो. कोजो घाना देशाचा. सरकारी स्कॉलरशिपवर शेती शिकायला पुण्यात आला आणि तीन वर्षं माझा रूम पार्टनर होता, मराठीही माझ्याकडूनच शिकला. येताना एक ट्रंक आणली आणि एक चामड्याचा फुटबॉल. आणि इथे त्याला काय मिळालं? क्रिकेट! आपण सगळे संध्याकाळी बॅट घेऊन ग्राउंडवर, आणि हा एकटा भिंतीशी खेळतोय. धप्, धप्, धप्. कधी बॉल माझ्याकडे यायचा, मी झेलायचो, आणि तो कपाळाला हात लावायचा. "अरे पाय! पाय कशाला दिलेत?" तीन वर्षं हेच. मी तीन वर्षं झेलला.

त्याचं बोटीचं तिकीट आलं त्या दिवशी तो जेवताना एवढंच बोलला, "यार, या देशात एक मॅच खेळून गेलो असतो तर बरं झालं असतं. एकच." आणि मी, तोंडात घास असताना, बोलून गेलो, "माझ्या मामाच्या गावाला चल. सारंगखेड्याची जत्रा आहे, सगळा खानदेश गोळा होतो. अकरा काय, बावीस गडी उभे करतो!"

मी मॅट्रिकनंतर मामाकडे गेलेलोच नव्हतो. तिथे फुटबॉल कुणी डोळ्यांनी तरी पाहिलाय का, हेही मला माहीत नव्हतं. पण शब्द दिला तो दिला.

मामाचा ओटा

गाडीचं सांगत नाही, गाडीसारखी गाडी होती. दोंडाईच्याला उतरलो, पुढे एसटी, आणि खिडकीतून कापसाची शेतं दिसायला लागली तसा मी पुन्हा लहान व्हायला लागलो. वेचणीच्या बाया, बैलगाडीवर कापसाचे हे एवढाले ढीग, रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेले पांढरे पुंजके. मग केळीच्या बागा. मग तापीवरून येणारं ते गार वारं! मॅट्रिक होईपर्यंत माझी प्रत्येक सुट्टी या वाऱ्यात गेली. मी कोजोला इथलं झाडन् झाड दाखवत होतो. तो म्हणाला, "तू श्वास घे आधी."

माझे मामा म्हणजे गुजर शेतकरी. मूळ पुरुष केव्हातरी गुजरातेतून आले, पण आता घरात अर्धी गुजरी, अर्धी अहिराणी, आणि पाहुण्यांसाठी शाळेतलं मराठी. मामांनी कोजोला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हात जोडले आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"आफ्रिकाना का? आमना सुरतकडला एक पावना आफ्रिकाले दुकान टाकी बठेल शे. वळखस का?"

कोजो गंभीरपणे म्हणाला, "मामा, तो पूर्वेला असेल. मी पश्चिमेचा. मध्ये फार मोठं जंगल आहे."

"मंग जाता येता भेट व्हत नसी," मामा म्हणाले. त्यांना ते पटलं.

मामीला नाव हवं होतं. कोजो म्हणाला, आमच्याकडे ज्या वारी मूल जन्मतं त्या वाराचं नाव ठेवतात, मी सोमवारचा म्हणून कोजो. मामी हसायलाच लागली. "मंग सोमाच ना! आमनाकडे बी सोमवारना पोऱ्या सोमा." झालं. त्या क्षणापासून त्या घरात कोजो कुणी नव्हताच, सोमा होता. मला इतकी वर्षं सुचलं नाही ते मामीने चपला काढायच्या आत करून टाकलं.

आणि जेवण! थंडीतलं खानदेशी भरीत ज्याने खाल्लं नाही त्याने पुण्यातल्या वांग्यावर बोलू नये. पांढरट हिरवी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, लाकडी कुंडीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचतात, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मामी ठेचत होती, कोजो बघत होता, मग उठला आणि सरळ मामीच्या हातातलं मुसळ घेतलं! मी म्हटलं आता काय होतंय. पण त्याच्या गावीही असंच लाकडात कंद कुटतात, वांग्याचंही कालवण असतं, तो आईजवळ बसून हेच करायचा. काय लयीत कुटलं त्याने! मामी कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. मग मुलाला म्हणाली, "दगडू, दख. तू कधी कुटं का?"

दगडू म्हणजे माझा मामेभाऊ. पैलवान गडी. मान आणि खांदा यांच्यात फरक नाही. लहानपणी त्याने मला तापीच्या वाळूत इतक्या वेळा चीत केलंय की ती वाळू अजून माझ्या कानात असेल.

जेवणं झाली, आम्ही ओट्यावर बसलो. मामांचा बॅटरीचा रेडिओ चालू होता, कुठल्यातरी टेस्ट मॅचची कॉमेंट्री.

कोजोने विचारलं, "कोण जिंकतंय?"

"कोनीच नही. ड्रॉ व्हई."

"मग ऐकता कशाला?"

"ऐकाले बरं वाटस," मामा म्हणाले.

कोजो पेटला! गेली तीन वर्षं तो मला हे विचारत होता, आता त्याला मोठं कोर्ट मिळालं. म्हणे, इंग्रज तुमच्याकडे आला, आमच्याकडेही आला. दोन्हीकडे तोच साहेब, तीच टोपी. येताना त्याच्या सामानात दोन्ही खेळ होते. मग आम्ही बॉल पायाने घेतला आणि तुम्ही हाताने, असं का?

मी म्हटलं, विटीदांडू! आपली पोरं आधीच दांडूने विटी उडवत होती, बॅट हातात आली की काम झालं. कोजो म्हणाला, मग आमच्याकडची पोरं दगडाने आंबे पाडतात, आम्ही सगळे बोलर व्हायला हवे होतो. दगडू म्हणाला, "हात न लावता खेळ? देवनी हात कसाले दिधात मंग?"

मामांनी विडी पेटवली. "मी सांगस. आमले लांबनारं आवडस. लगीन चार दिन, भजन रातभर, भाऊबंदनी कज्जा तीन पिढ्या. पाच दिननी मॅच आमले कशी लांब वाटी?"

सगळे हसले. कोजो सगळ्यात जास्त. मग तो म्हणाला, त्याला वाटतं आणणारा कोण यावर सगळं आहे. क्रिकेट तुमच्याकडे साहेबाच्या क्लबातून राजवाड्यात गेलं आणि राजवाड्यातून खाली आलं, म्हणून त्याला मान. फुटबॉल आमच्याकडे बंदरावर खलाशांबरोबर उतरला आणि शाळेतल्या पोरांनी उचलला. बूट नको, गवत नको. कलकत्त्यालाही बंदर आहे, म्हणून तिथे बघ फुटबॉलसाठी माणसं जीव टाकतात. आणि अमेरिकेत? तिथे इंग्रजाचं काही घ्यायचंच नाही असं ठरवून त्यांनी आपापले खेळ काढले, बॉल काखेत धरून पळतात आणि त्यालाही फुटबॉलच म्हणतात!

"आमच्याकडे," कोजो म्हणाला, "दारात बॉल घरंगळत आला आणि एखाद्याने लाथ न मारता उचलून परत दिला, तर लोक विचारतात, काय हो, बरं नाही का?"

असं म्हणून त्याने ट्रंकेतून बॉल आणला आणि मामांकडे सोडला. मामांनी वाकून दोन्ही हातांनी उचलला, धोतराने पुसला आणि उजव्या हाताने परत दिला. दगडूकडे सोडला, दगडूनेही तेच. शेजारचे दोघं येऊन बसले होते, त्यांनीही तेच! प्रसादाचा नारळ फिरावा तसा बॉल ओट्यावर फिरला. पाय कुणाचाच लागला नाही.

कोजो माझ्याकडे बघत होता. "बावीस गडी?" त्याने हळूच विचारलं.

घोडेबाजार

दुसऱ्या दिवशी जत्रेत गडी गोळा करायला निघालो. आमच्याकडे तो दिवस आणि पुढचा, बस. परवा सकाळची एसटी चुकली तर मुंबईची बोट चुकणार.

सारंगखेड्याचा घोडेबाजार मी कसा सांगू! एकमुखी दत्ताचं देऊळ, पेढ्यांची दुकानं, आणि मग जिकडे नजर जाईल तिकडे घोडे. पांढरे, अबलख, काळे, पाठीवर मखमल, पायात चांदीचे तोडे. लहानपणी मी मामांच्या खांद्यावर बसून हे पाहायचो आणि मोठेपणी घोडा घेणारच असं रोज ठरवायचो. मारवाडपासून आलेले व्यापारी घोड्यांना नाचवतात, गिऱ्हाईक दात बघतं, पाय उचलून खूर बघतं. इथला खेळ विचाराल तर हाच. घोडा आणि कुस्ती.

मी एकेकाला धरून सांगत होतो, उद्या दुपारी मामांच्या शेतात मॅच. पैलवान विचारत, "कुस्तीसारखं पाडानं का?" मी म्हणायचो नाही. "मंग काय मजा?" एकाने विचारलं, "हारना तर काय?" काही नाही. "जितना तर?" तरी काही नाही. तो बिचारा कीव करत निघून गेला.

आणि तेवढ्यात घोटाळा! कोजो बोलता बोलता बॉल गुडघ्यावर उडवत होता, भोवती ही गर्दी, आणि बॉल निसटून थेट एका अबलख घोडीच्या मागच्या पायात गेला. घोडीने कान पाडले आणि अशी लाथ हाणली की बॉल पेढ्यांच्या दुकानाच्या ताडपत्रीवर जाऊन बसला. व्यापारी ओरडायला लागला. कोजो मात्र हसून हसून खाली बसला. "सापडला! या गावात एक प्लेअर सापडला!"

त्या हसण्याचा एवढा उपयोग झाला की गर्दीतले आठ-नऊ पैलवान "काय शे ते देखूत तरी" म्हणत यायला तयार झाले. बाकीचे गडी मिळाले ते मामांच्या उसाच्या शेतात. सातपुड्यातले पावरा लोक तोडणीला आले होते, त्यांचा म्होरक्या वेस्ता. वेस्ता घरी पावरी बोलतो, आमच्याशी तुटक अहिराणी. मी अर्धा तास नियम समजावले. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ढोल आनू?"

मी कोजोकडे पाहिलं. कोजो म्हणाला, "ढोलाशिवाय मॅच असते का!" आणि दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकला. मला वाटलं, जमलं. शब्द पाळला आपण.

बाजरीचं शेत

तिसरा दिवस. बाजरी काढून रिकामं झालेलं शेत, कडेला घोडे बांधायच्या मेखा ठोकून केलेले दोन गोल, एका बाजूला दगडू आणि पैलवान, दुसऱ्या बाजूला वेस्ता आणि त्याचे गडी. कोजो वेस्ताकडून, मी दगडूकडून. कोजोने सकाळपासून बुटाच्या नाड्या चार वेळा बांधल्या होत्या आणि ऐन वेळी बूट काढूनच ठेवले. "तुम्ही अनवाणी, मग मी पण." त्याचे डोळे असे चमकत होते की मला भीतीच वाटली.

आणि मामा आले. नवीन धोतर, फेटा, हातात पूजेचं ताट.

पाहुणा इतक्या लांबून आलेला, त्याची वस्तू पहिल्यांदाच आपल्या शेतात उतरतेय. आमच्याकडे नवा नांगर आला, पाण्याचं इंजिन आलं, तरी पूजेशिवाय हात लावत नाहीत. मामांनी बॉल मधोमध ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला. आम्ही सगळे हात जोडून उभे. वेस्ताने ढोलावर एक थाप टाकली. फार छान झालं सगळं. मामांनी सगळ्यांना खोबरं वाटलं आणि कोजोला म्हणाले, "चाल सोमा, आते कर सुरू."

कुणी हललं नाही.

बॉल मध्ये कुंकू लावून बसलेला. दगडू बॉलकडे बघतोय, मग स्वतःच्या पायाकडे. मी म्हटलं, "मार ना!" तो म्हणाला, "तू मार." मी पुढे गेलो. पाय उचलला. आणि खरं सांगतो, नाही मारवला! पुस्तकाला पाय लागला तरी आपण डोळ्यांना हात लावतो, आणि हे तर समोर उदबत्ती जळतेय. वेस्ताला म्हटलं, तो दोन पावलं मागे सरला. मामांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मनाकडथीन चूक व्हयनी," ते पुटपुटले. "आते त्याले लाथ कशी मारानी?"

कोजो तरी मारेल म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो बॉलपाशी गेला, उभा राहिला. त्याचा स्वतःचा बॉल! पण तोही मागे फिरला. "मी पाहुणा आहे," तो म्हणाला. "तुम्ही नमस्कार केलेल्या गोष्टीला मी कशी लाथ मारू?" आणि जाऊन बांधावर बसला, बूट हातात घेऊन.

ऊन उतरायला लागलं होतं. दुसरा बॉल सगळ्या तालुक्यात नव्हता. सकाळी एसटी. मी तिथे उभा होतो आणि माझ्या डोक्यात फक्त ती भिंत वाजत होती, धप्, धप्, धप्.

मामी पाण्याची घागर घेऊन आली होती. घागर उतरवली, एक एक तोंड बघितलं आणि विचारलं, "काय, कोनी मरी गया का?"

मामांनी सांगितलं. मामीने पदराने घाम पुसला.

"हाऊ दगडू पोटमा व्हता," ती म्हणाली, "तव्हय रोज लाथा मारे. मी रडनू का? हासू. ज्या दिन लाथ मारे नही, त्या दिन जीव घाबरे मना." मग बॉलकडे बोट दाखवलं. "ह्याना बी जीव लाथमाच शे. बठाडी ठेवा ते मरी जाई तो."

दगडू लाजून लाल झाला. पैलवान फिसफिसले. मामांनी फूल उचलून कानामागे खोवलं, वाकून बॉलला हात लावला, हात कपाळाला लावला, चार पावलं मागे गेले आणि धोतर सावरून अशी लाथ हाणली की बॉल थोडा गेला आणि चप्पल बांधापार गेली!

ढोल सुटला. आणि मॅच सुरू झाली.

काय मॅच झाली म्हणून सांगू! नियम कुणालाच येत नव्हते. पैलवान बॉलच्या ऐवजी माणसाला पाडायचे. वेस्ताचे गडी हरणासारखे पळायचे, पण बॉल मागेच विसरायचे. आणि सगळ्यात मोठी अडचण वेगळीच. पाय लागायचा. कुणाचा पाय कुणाला लागला की तो जागच्या जागी थांबून, वाकून समोरच्याच्या पायाला हात लावून नमस्कार करायचा! समोरचा म्हणायचा, "ऱ्हाऊ दे भो, ऱ्हाऊ दे," आणि बॉल शेजारून निघून जायचा. दगडूने वेस्ताच्या नडगीवर हाणली आणि वाकला, तेवढ्यात वेस्ताच्या माणसाने गोल केला. दगडू ओरडतोय, "मी पाया पडी ऱ्हायनू ना!"

कोजो मैदानभर पळत बोंबलत होता, "नंतर! नमस्कार नंतर! सगळे शेवटी!"

आणि तो कसा खेळत होता, देवा! तीन वर्षं मी त्याला भिंतीशी खेळताना पाहिलं होतं. मला वाटायचं मला त्याचा खेळ माहीत आहे. पण भिंत बॉल परत देते, हाक मारत नाही. इथे वेस्ता "सोमा! सोमा!" म्हणून हाक मारत होता आणि कोजो न बघताच बॉल त्याच्या पायात टाकत होता. स्वतः गोल मारायची त्याला इच्छाच नव्हती. नुसता द्यायचा. याला, त्याला, एकदा तर मला, म्हणजे समोरच्या टीमला! मी अर्थातच झेलला.

अंधारून येईपर्यंत खेळलो. कोण जिंकलं यावर दगडू आणि वेस्ता अजून भांडत असतील. शेवटी कोजोने हात वर केले आणि ओरडला, "आता नमस्कार!" आणि बाविसाच्या बावीस गड्यांनी एकमेकांना शोधून शोधून राहिलेले नमस्कार केले. कोजोच्या पाया पडायला रांग लागली, कारण त्याला सगळ्यांच्याच लाथा लागल्या होत्या. तो प्रत्येकाला "ऱ्हाऊ दे भो" म्हणत होता, अगदी अस्सल सुरात, आणि डोळे पुसत होता. धूळ फार उडाली होती, असं तो नंतर म्हणाला.

धक्का

मुंबईच्या धक्क्यावर मला पुढे सोडणार नव्हते. सामान तपासणाऱ्या साहेबांनी पिशवीतून बॉल काढला, फिरवून पाहिला. शिवणींमध्ये कुंकू तसंच होतं. "हे काय?" त्यांनी विचारलं.

कोजो म्हणाला, "पूजा कयेल शे."

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी बॉल दोन्ही हातांनी परत दिला.

कोजो शिडीपर्यंत गेला, दोन पायऱ्या चढला आणि पुन्हा खाली आला. बॉल जमिनीवर ठेवला. वाकून हात लावला, हात कपाळाला नेला. मामांसारखाच. आणि मग, एवढी हमालांची, ट्रंकांची, रडणाऱ्या नातेवाइकांची गर्दी, तिच्या डोक्यांवरून त्याने तो बॉल थेट माझ्याकडे मारला.

मी झेलला.

दोन्ही हातांनी! छातीशी धरून उभा! शिडीपाशी कोजोने कपाळावर हात मारून घेतला, आणि बोट हलेपर्यंत तो कठड्याशी उभा राहून स्वतःच्या पायाकडे बोट दाखवत होता.

बॉल आता माझ्या खाटेखाली आहे. कुंकू थोडं उरलंय. एवढं टाइप करून झालं, आणि बाहेर अजून उजेड आहे, आणि भिंत तिथेच आहे. मी बॉल बाहेर काढलाय. नमस्कार करून झालाय. रेक्टर, माफ करा.